पिवळ्या दिव्याची गाडी

३० नोव्हेंबर १९८६, रविवार

आज एक गृहस्थ मला विचारायला आले की तुम्ही शर्यतीत गाडी सावकाश चालवाल का. मला आधी चेष्टाच वाटली.

नंदकुमार प्रधान. मुलुंडच्या मोटर क्लबचे मुख्य पंच. त्यांची मुलगी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, घाटकोपरला, माझ्या हाताखाली शिकली. मला वाटलं तिच्या लायसन्सचं काही असेल. तर म्हणाले, "मीराताई, जानेवारीत आमची शर्यत आहे. अपघात झाला की सगळ्या गाड्यांच्या पुढे एक गाडी सोडायची असते. वर पिवळा दिवा. तिला कुणी ओलांडायचं नाही. ती हळू चालते, मागे सगळे रांगेत हळू. रस्ता मोकळा झाला की ती बाजूला होते आणि शर्यत पुन्हा सुरू."

"मग त्यात मी कशाला? तुमच्याकडे एवढे चालवणारे आहेत."

"तेच तर. गेल्या वर्षी एका चालवणाऱ्यालाच बसवलं. मागे गाड्या दिसल्यावर त्याच्या पायाला खाज सुटली. पळवायला लागला. मला पळवायची इच्छा नसलेला माणूस हवाय."

हे कौतुक होतं की काय ते कळलं नाही. हो म्हटलं.

घरी सांगितलं तर अंबादास उडालाच. अंबादास माझा दीर, भांडुपला लवू परबांच्या गॅरेजात मेकॅनिक. याच शर्यतीत लवूदादांची फियाट तोच चालवणार आहे. "वहिनी, म्हणजे तू माझ्यापुढे? आणि मी तुला ओलांडायचं नाही? वाट लागली माझी!" हसत होता. मग जरा थांबून म्हणाला, "पण तुला बाहेर पडावंच लागणार नाही. अपघात कशाला होईल?"

हे पेपर वाचत होते. टेलिफोनच्या तारा ओढून दमलेले असतात, रविवारी बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "मला असल्या गोष्टीत रस नाही. तुम्ही दोघं जा."

७ डिसेंबर

काल चैत्यभूमीला जाऊन आलो. गर्दीत उभं राहून पाय भरून आलेत. नंदकुमारांनी नियमांचं चोपडं पाठवलंय, ते पडल्या पडल्या वाचलं.

पिवळा दिवा समजला. लाल झेंडा म्हणजे शर्यत थांबली, जिथे आहात तिथे सगळ्यांनी थांबायचं. लाल झेंडा दाखवायचा हक्क फक्त मुख्य पंचांचा, बाकी कुणाचा नाही. चोवीस फेऱ्यांपैकी अठरा पुऱ्या होण्याआधी थांबली तर शर्यत पुन्हा घ्यायची. अठरा झाल्यावर थांबली तर संपली असं धरायचं, आणि थांबण्याच्या आधीच्या फेरीत जो पुढे होता तो पहिला. माझ्या मागे हळूहळू मारलेल्या फेऱ्याही मोजतात. हे जरा विचित्र वाटलं. अंबादासला विचारलं तर म्हणाला, नियम आहे तो आहे, त्यात वाटायचं काय.

१४ डिसेंबर, रविवार

आज सराव. मुलुंड कॉलनीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका बिल्डरने रस्ते करून ठेवलेत, इमारतींचा पत्ता नाही. त्या रस्त्यांचाच गोल धरून क्लबची शर्यत होते. सुरुवातीची रेघ आणि पंचांचा मंडप एका टोकाला, पाण्याच्या टाकीचं वळण दुसऱ्या टोकाला. मधे मुरमाचा उंच ढीग आहे, त्यामुळे मंडपातून टाकीचं वळण दिसत नाही. झेंडेवाले एकमेकांना बघून निरोप पुढे देतात.

स्कूलचीच फियाट नेली. तिला डाव्या बाजूलाही ब्रेक आहे, शिकवणाऱ्यासाठी. इतकी वर्षं त्या बाजूला बसून बसून आज उजवीकडे स्टीअरिंगवर बसले तर पाहुणी असल्यासारखं वाटलं. बार्शीला बाबांच्या ट्रॅक्टरवर शिकले तेव्हाही असंच अवघडल्यासारखं झालं होतं.

सहा गाड्या मागे घेऊन चालवलं. आरशात सगळे दिवे एकमेकांच्या अंगावर. हॉर्न, शिव्या. एक बाळा म्हणून आहे, कांजूरचा, तो तर नाक माझ्या बंपरला लावून चालत होता. मी वेग वाढवला नाही. नंदकुमार म्हणाले, "बास. हेच हवंय."

२९ डिसेंबर

अंबादास घरी फक्त जेवायला येतो. लवूदादांनी शब्द दिलाय, पहिला आलास तर फेब्रुवारीत मद्रासच्या मोठ्या शर्यतीला नेईन. इंजिन उघडून ठेवलंय, पुन्हा बसवलंय, पुन्हा उघडलंय. गाडी जास्त वेळ पळवली की तापते आणि कारण सापडत नाही. आज ताटावर बसला आणि हाताला ग्रीस लागलेलं तसंच. माझं लग्न झालं तेव्हा हा दुसरीत होता, तेव्हाही हात न धुता बसायचा. ओरडले. धुऊन आला आणि तेवढ्यात झोपला, भिंतीला टेकून.

हा पहिला यावा असं मला किती वाटतं ते इथे लिहायला हरकत नाही. नंदकुमारांना सांगता येणार नाही.

१० जानेवारी १९८७

उद्या. नंदकुमारांना मी आज स्पष्ट विचारलं, माझा दीर शर्यतीत आहे, चालेल ना? म्हणाले, "तुम्ही कुणाला पुढे काढू शकत नाही आणि मागे टाकू शकत नाही. चालेल." यांना विचारलं येता का. म्हणाले ड्यूटी आहे.

१२ जानेवारी, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज कामावर गेले नाही. सगळं क्रमाने लिहिते.

अकरा गाड्या होत्या. पहिल्या दहा-बारा फेऱ्या मी मंडपाशेजारी गाडीत नुसती बसून. अंबादास सगळ्यात पुढे, आणि इतका पुढे की दुसरा येईपर्यंत लोक शेंगा सोलून खात होते. दुसरा शिवदास, विक्रोळीचा, हसतमुख माणूस, बायको लता बरोबर आलेली. तिने सकाळी मला चहा दिला होता. तिसरा बाळा.

मग टाकीच्या बाजूला धुळीचा लोट उठला. पिवळे झेंडे हलायला लागले. नंदकुमार ओरडले, "मीराताई, जा!"

दिवा लावला, निघाले. अंबादास माझ्या मागे आला, त्याच्यामागे एकेक करत सगळे. त्याची सगळी कमाई गेली, बाळा त्याला येऊन चिकटला. आरशात अंबादासने दोन्ही हात वर केले. मी न बघितल्यासारखं केलं.

टाकीच्या वळणावर शिवदासची गाडी कुशीवर पडलेली. कडेच्या दगडाला लागून उलटली असणार. एक बाजू मोकळी होती, त्या बाजूने आम्ही चालत्या माणसाच्या वेगाने जात राहिलो. रुग्णवाहिका आली होती, पण त्याला बाहेर काढता येत नव्हतं, पाय अडकला होता. प्रत्येक फेरीला तिथे माणसं वाढलेली. बघे दोर ओलांडून आत येत होते.

किती फेऱ्या झाल्या मला माहीत नाही. मी मोजत नव्हते. अंबादासच्या गाडीतून वाफ यायला लागली हे मात्र दिसलं होतं.

मग मंडपासमोरून जाताना फळा दिसला: दिवा बंद. म्हणजे ही माझी शेवटची फेरी, शेवटाला मी बाजूला व्हायचं आणि मागचे मोकाट सुटणार. मी दिवा बंद केला. बरं वाटलं, म्हटलं सुटला बिचारा शिवदास.

टाकीच्या वळणाच्या अलीकडे आले आणि समोर बघितलं. गाडी दहा-पंधरा जणांनी उचलून धरलेली. पाय सोडवायला दोन माणसं तिच्याखाली. आमचे दोन्ही झेंडेवाले उचलणाऱ्यांत होते, झेंडे मुरमात पडलेले. म्हणजे वळणावर पिवळं कुणी हलवतच नव्हतं, म्हणून पुढच्या झेंडेवाल्याला वाटलं मोकळं झालं, आणि त्याने तसं मंडपाला कळवलं. लता रस्त्याच्या मधोमध बसलेली, नवऱ्याचं डोकं मांडीवर. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हळू जाऊन या फेरीत निभलं असतं. पण पुढच्या फेरीत हेच अकरातले दहा जण पूर्ण वेगात या वळणावर आले असते.

मी स्टीअरिंग फिरवलं आणि गाडी रस्त्यात आडवी लावली. मागे ब्रेकच ब्रेक. अंबादासची गाडी माझ्या दारापासून हातभरावर येऊन थांबली. मी उतरले आणि ओढणीवाली एक मुलगी उभी होती तिला म्हटलं, पळ मंडपात, सांग रस्त्यावर माणसं आहेत. थोड्या वेळाने निरोप आला, मंडपात लाल झेंडा दाखवला.

शिवदासला काढला. मांडीचं हाड मोडलंय, बाकी ठीक आहे असं संध्याकाळी कळलं.

पण झालं काय, अठरा फेऱ्या पुऱ्या झाल्या होत्या. शर्यत संपली. नियमाने अंबादास पहिला.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बाळाचा भाऊ मोठ्याने म्हणाला, "वहिनीनेच जिंकवला! गाडीतून वाफ निघताना दिसली तशी आडवी झाली." आणि मग ते सगळीकडेच ऐकू यायला लागलं. नंदकुमार माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाल झेंडा मी दाखवला आहे. थांबवायचा हक्क माझा होता आणि मीच थांबवली. काही म्हणायचं असेल ते मला म्हणा." किती तोडून बोलले. त्यांचा हक्क मी घेतला याचा राग आला असणार, आणि बरोबर आहे त्यांचं.

अंबादास गाडी ढकलत गॅरेजला गेला.

हे घरी आले तेव्हा चपला, पँटचे पाय, सगळं तांबडं. कुठे मुरमात तारा ओढायला पाठवतात कोण जाणे. मी काही सांगायच्या आधीच म्हणाले, "तू बरोबर केलंस." कुणीतरी सांगितलं असेल. चहा त्यांनीच केला.

१४ जानेवारी

तिळगूळ घेऊन शेजारच्या आल्या. गोड बोला म्हणतात. अंबादास गोड नाही आणि कडूही नाही, बोलतच नाही. आघाडी घालवली म्हणून चिडला असेल. पण आघाडी गेली तरी पहिला तर आलाच ना? मग? लवूदादांनी मद्रासचं नक्की केलंय म्हणे, तरी हा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

१५ जानेवारी

सकाळी दूध तापवत होते. तो मोरीपाशी उभा होता, टॉवेल खांद्यावर.

"वहिनी, एक विचारतो. खरं सांग."

"विचार."

"माझ्यासाठी थांबवलीस?"

"नाही रे."

"वाफ दिसली होती तुला?"

"दिसली होती."

"अठरा झाल्या हे माहीत होतं?"

"नव्हतं. शपथेवर सांगते. लता रस्त्यात बसली होती, अंबादास. गाडीखाली माणसं होती. तुझ्या नाकासमोरच होती."

"मला तुझं दार दिसत होतं फक्त." मग म्हणाला, "गाडी एक फेरीसुद्धा ओढली नसती. इंजिनाचं गास्केट गेलंय. उघडून बघितलं."

एवढं बोलून आंघोळीला गेला. दूध उतू गेलं.

विश्वास बसला की नाही तेच कळत नाही. आणि दिवसभर माझं मलाच कळेना. मी मोजत नव्हते हे खरं. पण चोपडं तर पाठ होतं. वाफ दिसल्यावर मनात कुठेतरी खोल, मलाही न कळता, कुणी मोजत होतं का? दुपारी एका शिकाऊ बाईंनी रिक्षाला गाडी घासली, माझं लक्षच नव्हतं, ब्रेकवर पाय गेलाच नाही. मला असं कधी होत नाही.

मग संध्याकाळी एक विचार आला आणि जरा मोकळं वाटलं. समजा अंबादास शेवटचा असता. समजा माझ्यामागे बाळा असता. लता तिथेच बसलेली असती. मी काय केलं असतं? गाडी आडवीच लावली असती. याच्यापुढे मला माझ्याबद्दल काही कळत नाही, पण एवढं कळतं.

१८ जानेवारी, रविवार

क्लबची बैठक मुलुंडला एका शाळेत झाली. बाकं लहान, मोठमोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. बाळाच्या बाजूचे तावातावाने बोलले. नंदकुमारांनी ऐकून घेतलं, मग चोपड्यातलं एक कलम वाचलं. पंचांना वाटलं तर उरलेल्या फेऱ्या दुसऱ्या दिवशी घेता येतात, पण जो पहिला ठरलाय त्याची तयारी असली तरच.

सगळे अंबादासकडे बघायला लागले. मी लवूदादांकडे बघत होते. मद्रासची तिकिटं काढून झाली होती.

मी उभी राहिले. म्हटलं, "चूक असेल तर ती माझी आहे. त्याने काही केलेलं नाही. त्याचा नंबर काढून घेऊ नका."

"वहिनी, बस तू," अंबादास म्हणाला. मग सगळ्यांना, "माझी तयारी आहे. घ्या फेऱ्या. मी थांबलो होतो तिथूनच सुटेन, बाळा माझ्या मागून. आणि वहिनीने माझं तोंड बघून गाडी थांबवली असं ज्याला वाटतं त्याने टाकीच्या वळणावर येऊन उभं राहावं, तिला काय दिसलं ते मी दाखवतो. मला त्या दिवशी दिसलं नव्हतं. काल जाऊन बघून आलो."

बाळाच म्हणाला, "चालेल ना यार. फेऱ्याच मारायच्यात."

मला वाटलं रागाच्या भरात बोलला. बाहेर आल्यावर म्हटलं, "मद्रास हातचं घालवलंस, वेड्या!" तर हसला. कितीतरी दिवसांनी. म्हणाला, "हातात होतं कधी?"

नंदकुमार मागून आले. "मीराताई, पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या. पिवळी गाडी तुमचीच."

"अजून? मी तुमचा नियम मोडला."

"हो," म्हणाले. "म्हणून टाकीपाशी आता एक टेलिफोन बसवायचाय. तुमच्या यजमानांनी तार टाकून द्यायचं कबूल केलंय. त्याच दिवशी बोललो आम्ही." कोणत्या दिवशी ते विचारायचं राहिलं.

२१ जानेवारी

हॉस्पिटलमध्ये शिवदासला बघून आले. पाय वर टांगलेला. लता संत्रं सोलत होती. म्हणाली, तुमची गाडी मला आठवतच नाही हो, लोक सांगतात म्हणून. शिवदास म्हणाला, उरलेल्या फेऱ्यांना झेंडा मीच दाखवणार, खुर्चीतून का होईना. लता त्याला म्हणाली, "तू पुन्हा त्या गाडीत बसलास ना तर बघ." ती रिक्षातसुद्धा डोळे मिटून बसते आता, हे तिने मला जिन्यात सांगितलं.

१ फेब्रुवारी, रविवार

आज सगळे गेलो, हेसुद्धा. टाकीपाशी यांचा टेलिफोन लागला आणि मंडपात घंटी वाजली तेव्हा नंदकुमार लहान मुलासारखे खूश.

शिवदास खुर्चीत, प्लास्टरचा पाय स्टुलावर. त्याने झेंडा खाली केला आणि दहा गाड्या गेल्या.

मी दिव्याखाली बसून राहिले. पहिला गिअर टाकलेला, क्लच दाबून. शिकणाऱ्यांना मी याच गोष्टीसाठी ओरडते. दर फेरीला टाकीकडे बघायचं, धूळ उठते का. टेलिफोन वाजतो का. काही नाही. गाड्या येत होत्या, जात होत्या. अंबादास पुढे, बाळा मागे. मग दोघं शेजारी. शेवटच्या फेरीला ढिगामागून आधी बाळाचं नाक दिसलं.

एका गाडीच्या लांबीने शर्यत गेली. अंबादास दुसरा.

माझी गाडी जागची हललीच नाही. कुणाला काही झालं नाही. मला वाटत होतं हरला तर वाईट वाटेल, आणि वाटलंही, पण त्याच्या आधी हायसं वाटलं. पाय असा आखडला की उतरता येईना.

अंबादास हेल्मेट काढत आला. केस सगळे चिकटलेले. "दुसरा आलो."

"बघितलं."

"बाळाने टाकीच्या वळणावर घेतलं. काय झकास घेतलं यार! मी तिथे ब्रेक मारतो, हा मारतच नाही." डोळे चमकत होते. हरलेला माणूस असा बोलतो?

लवूदादा आले. मी मान खाली घातली. ते गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे, चटका बसतो का बघत. "तापली नाय," म्हणाले. "शेवटपर्यंत धावली मा? मगे झाला. दुसरो तर दुसरो. मद्रासाक जातंव आपण." मग बाळाकडे बघून, "ह्यो पण येतलो. दोन गाडयो असल्यो तर खर्च वाटून जाता."

सगळं आटोपल्यावर शिवदास म्हणाला, मला ते वळण बघायचंय. त्याला मागच्या सीटवर आडवा बसवला, पाय लताच्या मांडीवर. पुढे माझ्याशेजारी अंबादास. दिवा काढून ठेवला होता. मी नेहमीसारखी हळू निघाले. लताने पुढच्या सीटची कड घट्ट धरली होती, तिची बोटं माझ्या खांद्याला लागत होती. आरशात बघितलं, डोळे मिटलेले.

टाकीपाशी आलो. शिवदास खिडकीतून बाहेर डोकावला. "हे? एवढंसं वळण? इथे पडलो मी?" अंबादास हसला, मग मीही हसले. शिवदास तर पाय दुखेपर्यंत हसत होता.

लता हसली नाही. पण डोळे उघडले होते. वळण मागे गेलं, पुढे सरळ रस्ता, रिकामा, दोन्ही बाजूंना ऊन. तिने सीटची कड सोडली.

"मीराताई," म्हणाली, "थोडी जोरात घ्या ना."

मी घेतली.